माउंटखाली दडलेला समास

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आत्याने पन्नासएक वर्षांपूर्वी पॅरिसहून एक लहानसं चित्र आणलं. तेव्हापासून ते फ्रेममध्ये, बाहेरच्या खोलीत, भिंतीवर आहे. चित्रात एक बाई उभी आहे. डोक्याला फेट्यासारखं काही, त्यावर उंच तुरा, मांड्यांपर्यंत येणारा गुलाबी घेरदार अंगरखा आणि त्याखाली पावलांशी अरुंद होत गेलेला झगा. वरच्या बाजूला 'कोस्त्यूम पारिझियाँ' अशी फ्रेंच अक्षरं, 1914 हे साल आणि एक क्रमांक. खालचा मजकूर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकला गेलाय. ताई विचारतात: हे हाताने रंगवलेलं मूळ चित्र आहे की छापील? बाई भारतीय आहे, की एखाद्या नाटकातलं पात्र? कागदावर तांबूस ठिपके पडलेत आणि एक कोपरा काचेला चिकटलाय, तर घरच्या घरी साफ करता येईल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात घाई झाली तर बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थ उरणार नाही. घरी साफ करू नका. पाणी नको, थिनर नको, खोडरबर नको, पावाचा मऊ गरही नको. हा पोस्टर कलरसारखा अपारदर्शक जलरंग आहे. शंभर वर्षं झाली तरी पाण्याचा थेंब लागला की तो सुटतो. कागदावरची चित्रं जपण्याचं काम मी सत्तावीस वर्षं करतेय. अगदी पहिल्या वर्षी, अशाच एका चित्रातल्या काळ्या हातमोज्याच्या कडेला मी नुसता ओलसर कापूस टेकवला होता, रंग पक्का आहे का ते बघायला. काळा रंग कापसावर आला आणि कडेवर करडा डाग राहिला. तो डाग मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. काचेला चिकटलेला कोपरा तर अजिबात ओढू नका. ओढलात तर कागद तुमच्या हातात येईल आणि रंग काचेवर राहील. फ्रेम भिंतीवरून उतरवा, काच खाली येईल अशी टेबलावर पालथी ठेवा आणि तशीच राहू द्या. पुढचं खाली सांगते.

आता पहिला प्रश्न. मूळ की छापील, असे दोनच पर्याय तुम्ही धरलेत. हे चित्र दोन्ही आहे. काळी रेघ आणि अक्षरं छापलेली आहेत, रंग मात्र प्रत्येक कागदावर माणसाने हाताने भरलाय. या पद्धतीला फ्रेंचमध्ये पोश्वार म्हणतात, म्हणजे कोरलेल्या साच्यातून रंग भरणं. बाजारात धान्याच्या पोत्यावर पत्र्याचा कोरीव साचा ठेवून वरून ब्रश फिरवतात आणि मार्का उठतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तत्त्व तेच आहे. फरक कारागिरीचा आहे, आणि तो जमीन-अस्मानाचा आहे.

चित्रकार आपलं रंगीत चित्र कारखान्याला देई. तिथला जाणता कारागीर ते चित्र नजरेने उलगडत असे: गुलाबी कुठे कुठे आहे, त्यावर सावलीचा गडद गुलाबी कुठे, त्वचेचा रंग कुठे, तुऱ्याचा पांढरा कुठे. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक आकारासाठी पातळ जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यात वेगळा साचा कापला जाई. एका चित्राला वीस-तीस साचे लागणं ही नेहमीची गोष्ट होती. मग रेघ छापलेल्या कागदावर एकेक साचा अचूक बसवायचा आणि आखूड, ताठ केसांच्या, सपाट टोकाच्या गोल ब्रशने रंग थोपटत भरायचा. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. जाँ सोदे हा पॅरिसमधला या विद्येचा मोठा जाणकार. 1925 मध्ये त्याने या तंत्रावर सविस्तर ग्रंथच काढला. तुमचं चित्र ज्या नियतकालिकातलं आहे (त्याच्याबद्दल पुढे सांगते) त्याच्या बाराशेच्या आसपास प्रती निघत. एका चित्राला पंधराच साचे धरले, तरी त्या एका चित्रासाठी अठरा हजार वेळा कुणीतरी साचा ठेवलाय, रंग भरलाय आणि साचा उचललाय. म्हणून 'फक्त छापील आहे' असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. चित्रकाराची सही कोपऱ्यात असते, पण ज्यांनी रंग भरले त्यांची नावं कुठेच नसतात. त्यांची खूण रंगाच्या कडेला मात्र असते, आणि तीच बघून आपण खरंखोटं ठरवतो.

घड्याळवाल्यांकडे मिळतं तसं दहापट भिंग घ्या. काचेतूनही बरंच दिसेल. अंगरख्याचा गुलाबी रंग जिथे संपतो ती कड बघा. ब्रश साच्याच्या कडेवर आपटतो तेव्हा तिथे थोडा रंग साचतो, म्हणून कडेला रंगाची बारीक जाड रेघ, जवळजवळ बांध, तयार होतो. मोबाइलचा टॉर्च बाजूने आडवा धरला तर त्या बांधाची सावलीही पडते. रंगाच्या पृष्ठभागावर ब्रशच्या केसांचे ओरखडे दिसतात. एखाद्या ठिकाणी साचा केसभर सरकलेला असतो, मग रंग काळ्या रेघेच्या बाहेर डोकावतो किंवा दोन रंगांमध्ये कागदाची पांढरी फट राहते. ही फट दिसली की मला हायसं वाटतं. याउलट रंगात सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, छोट्या फुलांसारखे गोल करून बसलेले, तर ती नंतरच्या काळात ऑफसेटवर छापलेली नक्कल आहे. अशा नकला कॅलेंडरांसाठी आणि सजावटीसाठी पुष्कळ निघाल्या आहेत.

तुमच्या घरी राजा रविवर्म्याच्या छापखान्यातलं एखादं जुनं लक्ष्मी-सरस्वतीचं चित्र असेल तर तेही त्याच भिंगाखाली धरा. तो छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथे दगडावरून रंग छापत. त्या चित्रांत दगडावर हाताने टिंबलेले बारीक, अनियमित ठिपके दिसतील, एकावर एक रंगांचे. तीही मोठी कारागिरी आहे, पण रंग यंत्राने कागदावर उतरलाय. पोश्वारमध्ये ठिपकाच नसतो, भरीव रंग असतो. दोन्ही शेजारी ठेवून एकदा पाहिलंत की पुढे कधी चुकणार नाही.

आणखी एक साधी तपासणी आहे. दुकानदार नोटा तपासायला निळसर अतिनील दिवा वापरतात तो आणा आणि खोलीत अंधार करून कागदावर धरा. साधारण 1950 नंतरच्या पुष्कळ कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती या दिव्यात निळीजर्द चमकतात. 1914 सालचा कागद चमकणार नाही, मंद पिवळसर राहील. काच आणि माउंट मध्ये असताना ही तपासणी फसवते, म्हणून ती फ्रेम उघडल्यावर करायची.

आता त्या वरच्या ओळीकडे येते, कारण तिथे भलेभले विक्रेतेही चुकतात. 'कोस्त्यूम पारिझियाँ' या मथळ्याची चित्रं दोन वेगवेगळ्या काळांत निघाली. पहिली 'जूर्नाल दे दाम ए दे मोद' या पॅरिसच्या नियतकालिकात, जे 1797 ते 1839 पर्यंत चाललं. दुसरी याच नावाने 1912 मध्ये मुद्दाम पुन्हा काढलेल्या नियतकालिकात. जुन्याची आठवण जागवायची म्हणून नाव, मथळा, लहान आकार, सगळं तसंच ठेवलं होतं. नव्याचा पहिला अंक 1 जून 1912 चा, शेवटचा 1 ऑगस्ट 1914 चा. महिन्याला तीन अंक, एकूण 79 अंक आणि 186 चित्रं. शेवटच्या अंकानंतर दोनच दिवसांनी जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं आणि मग ते पुन्हा निघालं नाही. तुमच्या चित्रावर 1914 असल्यामुळे ते या दुसऱ्या, अवघ्या सव्वादोन वर्षांच्या आयुष्यातलं आहे, आणि त्यातही शेवटच्या काही महिन्यांतलं.

याच सुमारास, नोव्हेंबर 1912 मध्ये, ल्युसियाँ व्होजेल या प्रकाशकाने 'गाझेत द्यु बाँ ताँ' हे फॅशनचं नियतकालिक सुरू केलं. ते आकाराने मोठं आणि जास्त प्रसिद्ध. वर्षाची वर्गणी शंभर फ्रँक, त्या काळी ही मोठी रक्कम होती. पॅरिसची नामांकित शिवणघरं त्यात सामील होती: वर्थ, दूसे, पाकँ, शेरुई, प्वारे. चित्रकार जॉर्ज लपाप, जॉर्ज बार्बिये, शार्ल मार्ताँ, बेर्नार बूते द मोंव्हेल. यातली बरीच मंडळी तुमच्या नियतकालिकासाठीही चित्रं काढत. बार्बिये सहीखाली पुष्कळदा सालही घालत असे. तेव्हा तुमच्या चित्राच्या कोपऱ्यात नाव आणि 1914 असं सापडलं तर नाव वाचायचा नीट प्रयत्न करा.

मराठी वाचकाला यातल्या बूते द मोंव्हेलबद्दल सांगायलाच हवं. फॅशनची चित्रं काढणाऱ्या याच माणसाने पुढे इंदूरच्या यशवंतराव होळकरांची व्यक्तिचित्रं केली. 1929 मध्ये पाश्चात्त्य पोशाखात आणि काही वर्षांनी मराठी राजाच्या पोशाखात. पहिल्या महायुद्धाआधी पॅरिसमधल्या कल्पनेतल्या पगड्या पाहिलेल्या त्या कलावंतासमोर खरी मराठी पगडी घातलेला राजा बसला होता. दोन्ही चित्रं पाहिली तर या लोकांची रेघ किती संयमी होती ते कळतं.

ही बाई नाटकातलं पात्र आहे का, हा तुमचा प्रश्न 'कोस्त्यूम' या शब्दामुळे आला असणार. आपण कॉस्च्यूम म्हणतो तेव्हा मनात रंगमंच येतो. फ्रेंचमध्ये त्या मथळ्याचा अर्थ सरळ 'पॅरिसचे पोशाख' एवढाच आहे. नाटकी किंवा वेशभूषेच्या मेजवानीसाठीचा पोशाख असेल तर खालच्या ओळीत बहुधा 'त्राव्हेस्ती' हा शब्द येतो. संध्याकाळी घालायचा झगा असेल तर 'रोब द स्वार', नाटकाला जाताना वरून घ्यायचा लांब कोट असेल तर 'मांतो द तेआत्र'. या ओळीत पुष्कळदा कापडाचं नावही असतं: मखमल, साटीन, क्रेप. 'गाझेत'मधल्या चित्रांना तर छोट्या गोष्टीसारखे मथळे असत. लपापने प्वारेच्या एका कोटाचं चित्र काढलं, त्याचं नाव आहे 'मी लवकर तर आले नाही ना?' कोट विकायचाय, पण चित्र सांगतं ते नाट्यगृहात जरा आधीच पोचलेल्या बाईच्या मनातलं. ही खालची ओळ तुमच्याकडे माउंटखाली आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे, आणि म्हणूनच माझा सगळ्यात मोठा आग्रह हा आहे की समास कापू देऊ नका.

हे इतक्या कळकळीने सांगण्याचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने माझ्याकडे अशीच तीन चित्रं आणली. तयार फ्रेमच्या मापात बसावीत म्हणून फ्रेम करणाऱ्याने तिन्हींचे चारही समास कापून टाकले होते. आकृती शाबूत, रंग सुंदर, आणि साल, क्रमांक, खालची ओळ, सगळं कचऱ्यात. दोन चित्रं ओळखायला मला कित्येक आठवडे जुने अंक चाळावे लागले. तिसऱ्याचा पत्ता लागलाच नाही. ते कुटुंब हळहळलं, मीही. फ्रेम बदलायला दिलीत तर फ्रेमवाल्यासमोर बसा आणि कटर चित्राच्या जवळ येऊ देऊ नका.

आता बाई भारतीय का दिसते ते सांगते. ती पॅरिसचीच आहे. पण तिच्या डोक्यावरच्या त्या गोष्टीत भारताचा खरा धागा आहे. त्या दशकात पॅरिसला पूर्वेचं वेड लागलं होतं. 'अरेबियन नाइट्स'चा मार्द्रूसने केलेला नवा फ्रेंच अनुवाद 1899 ते 1904 दरम्यान आला होता आणि घरोघरी वाचला जात होता. जून 1910 मध्ये रशियन बॅले मंडळींनी पॅरिसच्या ऑपेरात 'शेहेराझाद' केलं. चित्रकार ल्यों बाक्स्तने आखलेल्या पोशाखांतले ते केशरी, हिरवे, जांभळे रंग पाहून लोक थक्क झाले. 1912 मध्ये याच मंडळींनी 'ल दिय ब्लू', म्हणजे 'निळा देव', हे भारतीय कथेसारखं रचलेलं नृत्यनाट्य केलं. त्यात नर्तक निजिन्स्की निळा देव झाला होता.

आणि वर नाव आलेला शिवणघरवाला पॉल प्वारे होता. बायकांना कॉर्सेटमधून, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ चोळीतून, मोकळं करणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घेतात. 24 जून 1911 च्या रात्री त्याने आपल्या पॅरिसच्या घरी आणि बागेत 'एक हजार दुसरी रात्र' नावाची मेजवानी दिली. तीनशे पाहुणे, सगळ्यांना पूर्वेकडचा वेश सक्तीचा, प्वारे स्वतः सुलतान. त्याची पत्नी दनीज सोन्याच्या पिंजऱ्यात बसली होती. तिचा पोशाख म्हणजे तारेने कड फुलवलेला आखूड अंगरखा आणि खाली सलवारीसारखी विजार. 1913 मध्ये 'ल मिनारे' या नाटकासाठी त्याने हाच आकार पुन्हा वापरला, आणि मग तो रस्त्यावरच्या फॅशनमध्ये उतरला. तुमच्या चित्रातला दिव्याच्या शेडसारखा कडेला उभा राहणारा अंगरखा याच आकारातला आहे. त्यामुळे 'नाटकातलं पात्र आहे का' हा प्रश्न चुकीचा नव्हता. वेशभूषा, नाटक आणि विकायचा झगा यांच्यातली रेघ त्या तीन-चार वर्षांत इतकी पुसट झाली होती की नाटकातला अंगरखा वर्षभरात जेवणाच्या पार्टीला घालत होते.

फेट्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात प्वारेने भारतीय पगड्या-फेट्यांचा संग्रह पाहिला आणि तो हरखून गेला. टोप्या करणाऱ्या आपल्या मुख्य कारागीर बाईला त्याने पॅरिसहून बोलावून घेतलं आणि संग्रहालयात बसवून त्या पगड्यांचे नमुने करून घेतले. आठवणींत त्याने हे स्वतः सांगितलंय. म्हणजे तुमच्या भिंतीवरच्या बाईच्या डोक्यावर जे आहे, त्याच्या मागे कुठेतरी आपल्याकडच्या कारागिराच्या हाताचे पेच आहेत.

पण चित्रात नीट बघा, एक फरक सापडेल. आपला फेटा बांधला जातो, म्हणून त्यात सुरुवात असते, शेवट असतो, शेमला असतो, पेच एकमेकांखालून जातात. पॅरिसचा हा 'तुर्बाँ' टोपीसारखा शिवलेला असे, उचलून डोक्यावर ठेवायचा. त्याच्या घड्या नुसत्या गोल फिरतात, कुठेच खोचलेलं टोक दिसत नाही. त्या दृष्टीने तो आपल्या फेट्यापेक्षा पुणेरी पगडीला जवळचा, तीही तयारच असते. पाश्चात्त्य चित्रात फेटा दिसला की मी आधी शेमला शोधते. तो नसेल तर चित्रकारासमोर टोपी होती, फेटा नव्हता.

वरचा तुरा बहुधा बगळ्याच्या पिसांचा. विणीच्या हंगामात बगळ्यांच्या पाठीवर जी तलम पिसं येतात ती युरोपात सोन्याच्या भावाने जात, आणि त्यासाठी जगभर बगळ्यांची कत्तल झाली. भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात सरकारने 1902 मध्ये बंद केली होती. त्या नाजूक पांढऱ्या रेघा पाहताना हे मला नेहमी आठवतं.

त्याच काळात मुंबईत म. वि. धुरंधर स्त्रियांची पोशाखासह चित्रं काढत होते. 1920 मध्ये निघालेल्या भारतीय स्त्रियांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात त्यांची 48 चित्रं आहेत. दोन्ही शेजारी ठेवण्यासारखी आहेत. धुरंधरांच्या चित्रात नऊवारीचा काष्टा कसा घेतलाय, पदर कुठून आलाय, नथ कोणत्या घडणीची आहे, हे बघून ती बाई कुठली, कोणत्या घरातली ते सांगता येतं. पॅरिसच्या चित्रकाराला ते सांगायचंच नाही. त्याला एक सलग रेघ हवी आहे, खांद्यापासून पायापर्यंत एका दमात उतरणारी, आणि त्यात सपाट रंग, जपानी लाकडी ठशांच्या चित्रांसारखा. शिवण कुठे आहे, बटण कुठे आहे हे त्यात सापडत नाही. शिंप्याला यावरून झगा शिवता येणार नाही. तो झगा घातल्यावर चालणं, वळणं, उभं राहणं कसं होईल, ते मात्र कळतं. फोटोने पुढे ही जागा घेतली. 1911 मध्येच छायाचित्रकार स्टायकेनने प्वारेच्या झग्यांचे फोटो काढून तो रस्ता दाखवला होता. 'गाझेत' युद्धात थांबलं, 1920 मध्ये पुन्हा आलं आणि 1925 मध्ये बंद झालं.

आता चित्राच्या तब्येतीबद्दल. तांबूस ठिपके बुरशीने किंवा कागदातल्या लोहकणांनी, आणि मुख्यतः दमटपणाने येतात. पुण्याचा पावसाळा त्याला पुरेसा आहे, आणि बाहेरच्या भिंतीवर टांगलं असेल तर भिंतीची ओल थेट पाठीला लागते. जुन्या फ्रेमांत मागे हार्डबोर्ड किंवा पिवळा पुठ्ठा असतो. त्यातलं आम्ल हळूहळू चित्राच्या कागदात उतरतं आणि तो तपकिरी, ठिसूळ होतो. माउंटच्या आतल्या कडेला चौकटीसारखी तपकिरी रेघ दिसत असेल तर ती माउंटच्या आम्लाने भाजलेली रेघ आहे. ठिपके घालवायला ब्लीच वापरणारे लोक भेटतील. त्यांना चित्र देऊ नका. ब्लीचने ठिपका जातो, त्याबरोबर कागदाचा जीवही जातो, आणि रंग उडतो तो वेगळाच. थोडे ठिपके तसेच राहिले तर राहू देत, त्यांचं वाढणं थांबवणं महत्त्वाचं.

चिकटलेल्या कोपऱ्यासाठी मात्र कागदाचं संवर्धन शिकलेला माणूसच हवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. नेताना फ्रेम पालथीच न्या, खाली फोम ठेवून. वाटेत ऊन लागू देऊ नका, बंद गाडीत ठेवून जाऊ नका.

परत फ्रेम करताना तीन गोष्टींवर अडून बसा. माउंट आणि पाठ आम्लरहित बोर्डाची. चित्र बोर्डाला पूर्ण चिकटवायचं नाही, वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. सेलोटेप, फेविकॉल, दुहेरी टेप काहीही नाही. आणि काच व चित्र यांच्यात माउंटच्या जाडीएवढी तरी हवा हवी, म्हणजे पुन्हा चिकटणार नाही. माउंटची खिडकी एवढी मोठी कापायला सांगा की चारही समास, वरचा क्रमांक आणि खालची ओळ सगळं दिसेल. फ्रेमवाले म्हणतील की बाई मध्यभागी छान दिसते, अक्षरं कशाला. तुम्ही ऐकू नका. लॅमिनेशन कुणी सुचवलं तर तिथून चित्र घेऊन निघा.

टांगायचं आतल्या भिंतीवर, जिथे ऊन कधीच येत नाही आणि स्वयंपाकघराची वाफ पोचत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीपासून हवा खेळेल. पावसाळ्यात कसर लागते का ते महिन्यातून एकदा पाठीमागे बघा, तिला खळ आणि कागदावरचा सरस फार आवडतो. डांबराच्या गोळ्या फ्रेममध्ये ठेवू नका. चित्रात सोनेरी रंग असेल तर त्याच्याकडे खास लक्ष ठेवा. तो बहुधा तांब्या-जस्ताच्या भुकटीचा असतो, दमट हवेत काळपट-हिरवा पडतो आणि खालचा कागद खातो.

किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. एकमेव प्रत नसल्यामुळे ती तैलचित्रासारखी नसते. चित्रकार कोण, रंग किती ताजे आणि समास पूर्ण आहेत का, यावर ठरते. आत्याच्या आठवणीपुढे तो हिशेब करावा असं मला वाटत नाही.

एक शेवटचं, रंगाबद्दल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला अंगरखा फिकट, जवळजवळ पिठी गुलाबी दिसतोय. त्या काळी इओसिन या कृत्रिम रंगद्रव्यापासून केलेले झगझगीत गुलाबी रंग वापरात होते आणि ते उजेडाने झपाट्याने उडतात. तुमचं चित्र पन्नास वर्षं उजेडात आहे. अंगरख्याचा घेर डावीकडे माउंटखाली जरासा गेलाय, असं फोटोत दिसतं. संवर्धक फ्रेम उघडेल तेव्हा त्याच्या शेजारी उभ्या राहा आणि माउंट उचलला की आधी तिथे बघा. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर पन्नास वर्षं उजेड पडलेला नाही. आत्याने पॅरिसमध्ये हे चित्र हातात घेतलं तेव्हा तिला जो गुलाबी दिसला, तो तिथे असेल. मोबाइलने त्याचा जवळून फोटो काढून ठेवा, मगच नवा माउंट बसवू द्या.